घातलेल्या स्फुरदाचा जमाखर्च

इंदूरच्या भंवरकुआं चौकातून जाणाऱ्या मनुष्याला शेती हा विषय सहसा आठवत नाही. शिकवणी-वर्गांच्या पाट्या, स्पर्धा-परीक्षांच्या पुस्तकांची दुकाने, पोह्यांच्या गाड्या आणि माळवा-निमाडातील खेड्यांतून येऊन भाड्याच्या खोल्यांत राहणारे विद्यार्थी यांनी तो परिसर सदैव गजबजलेला असतो. परंतु याच विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांच्या घरी काळ्या जमिनीचे काही बिघे आहेत, त्यांच्या शिक्षणाचा खर्च सोयाबीन आणि गहू यांच्या उत्पन्नातून निघतो, आणि त्या उत्पन्नातून दरसाल खतांपोटी जी रक्कम वजा होते तिच्यात डीएपीच्या किंवा सुपर फॉस्फेटच्या पोत्यांचा वाटा लहान नसतो. चौकाच्या निकटच १८९१ साली स्थापन झालेले होळकर विज्ञान महाविद्यालय आहे. खंडवा रस्त्याला लागले की देवी अहिल्या विश्वविद्यालयाचा तक्षशिला परिसर लागतो. आणि १९८७ साली केंद्र म्हणून आरंभ झालेली राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्थाही त्याच रस्त्यावर आहे. शेत, प्रयोगशाळा आणि शिकते अपत्य ही तिन्ही एकाच कुटुंबाच्या आवाक्यात असण्याचा योग अन्यत्र क्वचितच येतो. म्हणून जमिनीत घातलेला स्फुरद पुढे कसा वागतो हे मोजावे कसे, याविषयी काही व्यवहारोपयोगी गोष्टी, इंदुरातील मराठी खातेदार आणि त्यांची मुले यांना उद्देशून, येथे सांगण्याचे योजिले आहे.

मृदा आरोग्य पत्रिकेची योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झाल्यापासून माती-परीक्षणाचा दाखला बहुतेक गावांत पोचला आहे, आणि त्यावर उपलब्ध स्फुरदाचा एक आकडा छापलेला असतो. तो आकडा उपयुक्त आहे यात शंका नाही. परंतु त्या दिवशी जमिनीची स्थिती काय होती एवढेच तो सांगतो. गेल्या हंगामात घातलेल्या पोत्याचे काय झाले, किती पिकाने उचलले, किती चुन्याने बांधून टाकले आणि किती पुढील पिकाला मिळण्याजोगे राहिले, हे त्या एकट्या आकड्यावरून कळणे शक्य नाही. त्यासाठी दोन आकडे लागतात: एक खत घातलेल्या मातीचा व दुसरा त्याच शेतातील, त्याच प्रकारच्या, परंतु खत न घातलेल्या मातीचा. या दोहोंतील अंतर, आणि ते अंतर कालांतराने कसे घटत जाते, हाच स्फुरदाच्या वर्तनाचा खरा पुरावा होय. पुढील सर्व विवेचन या एका सूत्राभोवती आहे.

स्फुरद जातो कोठे

माळव्याची काळी जमीन दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेली, फुगणाऱ्या चिकणमातीने भरलेली, बहुधा साडेसात ते साडेआठ सामू असलेली आणि अनेक ठिकाणी चुनखडीयुक्त असते. अशा जमिनीत सुपर फॉस्फेटचा दाणा पडला म्हणजे तो भोवतालचा ओलावा शोषून घेतो आणि त्याच्याभोवती अत्यंत आम्लधर्मी असे संपृक्त द्रावण तयार होते. ते द्रावण बाहेर सरकता सरकता मातीतील चुना विरघळवते आणि त्याच चुन्याशी संयोग पावून द्विकॅल्शियम फॉस्फेटच्या रूपाने पुन्हा घट्ट होते. डीएपीचा दाणा प्रथम भोवतालचा सामू आठाच्या आसपास नेतो, पण कॅल्शियमच्या सान्निध्यात त्याचीही गती अखेर तीच होते. काळ लोटला की हे संयुग अधिकाधिक अविद्राव्य रूपे धारण करीत अपेटाइट या खनिजाच्या दिशेने जाऊ लागते. या सर्व घडामोडी दाण्यापासून काही मिलिमीटर, फार तर दोन-तीन सेंटिमीटर, एवढ्याच परिघात होतात. नत्राप्रमाणे स्फुरद पाण्याबरोबर खोल उतरत नाही, आणि मूळ त्याच्यापाशी पोचल्यावाचून तो पिकाला लाभत नाही.

जमिनीतील एकूण स्फुरद दर किलोग्रॅमला कित्येकशे मिलिग्रॅम असतो, पण तो पेवात कोंडलेल्या धान्यासारखा आहे: घरात आहे, परंतु आजच्या जेवणाला नाही. कोणत्याही क्षणी मातीतील पाण्यात प्रत्यक्ष विरघळलेला स्फुरद तर अगदीच अल्प असतो. दर लिटरला एक दशांश मिलिग्रॅम असे प्रमाण धरले आणि एका हेक्टरच्या नांगरटीच्या थरात ओलाव्याच्या वेळी सहा-सात लाख लिटर पाणी असते असे मानले, तर त्या सर्व पाण्यात मिळून साठ-सत्तर ग्रॅम स्फुरद भरतो. आणि हेक्टरी वीस क्विंटल सोयाबीनला दाण्यांपुरताच सुमारे अकरा-बारा किलोग्रॅम लागतो. म्हणजे एका हंगामात हे द्रावण दीडशेहून अधिक वेळा रिते होऊन पुन्हा भरले पाहिजे. जमिनीची सुपीकता स्फुरदाच्या बाबतीत या पुनर्भरणाच्या सामर्थ्यावर अवलंबून असते, आणि आपण प्रयोगशाळेत ‘उपलब्ध’ म्हणून जो मोजतो तो या सामर्थ्याचा अंदाज असतो.

खत घातलेल्या वर्षी पीक त्यातील फार तर पाचवा-चौथा भाग उचलते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. जॉन लॉज यांनी इंग्लंडमध्ये १८४२ साली सुपर फॉस्फेटची सनद मिळविली आणि भारतात राणीपेट येथे १९०६ साली त्याचा पहिला कारखाना निघाला, तेव्हापासून शेष तीन-चतुर्थांशाचे काय होते हा प्रश्न कृषिरसायनाच्या पाठीशी आहे. तो भाग कायमचा बुडाला असे पुष्कळ काळ मानले जाई. इंग्लंडमधील रॉथम्स्टेड येथील दीर्घकालीन प्रयोगांनी दाखविले की तो बहुतांशी जमिनीतच राहतो आणि पुढील पिकांना थोडा थोडा मिळत राहतो. किती मिळतो, हे मात्र प्रत्येक जमिनीला स्वतंत्रपणे विचारावे लागते.

नमुना घेण्याची शिस्त

मोजणीतील बहुतेक प्रमाद प्रयोगशाळेत होत नसून शेतात होतात. नमुना रब्बीचे पीक निघाल्यावर, चैत्र-वैशाखात, आणि दरवर्षी त्याच सुमारास घ्यावा. शेताच्या एकसारख्या भागात नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा, पंधरा सेंटिमीटर खोल खड्डा करून त्याच्या एका बाजूची बोटभर जाडीची चीप काढावी. सर्व चिपा घमेल्यात एकत्र करून, ढेकळे फोडून, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत, आणि अर्धा किलो माती उरेपर्यंत ही क्रिया पुन्हा पुन्हा करावी. बांध, झाडाची सावली, उकिरड्याची जागा, गुरे बसतात ती जागा आणि पाण्याचा पाट वर्ज्य समजावा. माती सावलीत वाळवावी. आणि खताच्या रिकाम्या गोणीवर ती कधीही पसरू नये, कारण गोणीच्या विणीत अडकलेले दोन-चार कण अर्धा किलो मातीचा आकडा दुप्पट करण्यास पुरेसे असतात.

पेरणी-यंत्राने बियाण्याजवळ ओळीत खत दिले असेल आणि त्यानंतर नांगरट झालेली नसेल, तर आणखी एक अडचण उपस्थित होते. खत ओळीतच साचलेले असल्याने ओळीतील चीप भरमसाट आकडा दाखविते आणि दोन ओळींमधील चीप दारिद्र्य दाखविते. ओळींत एक फुटाचे अंतर असेल तर ओळीतील एका चिपेमागे ओळींमधील आठ चिपा घेणे, हे प्रमाण सामान्यतः योग्य ठरते. ज्याला खताचे वर्तनच पाहावयाचे आहे त्याने ओळीतील आणि ओळींमधील माती निरनिराळ्या पिशव्यांत भरून दोन्ही तपासून घ्याव्यात. घातलेला स्फुरद जागेवरून किती हलला हे त्यावरून प्रत्यक्ष दिसते.

प्रयोगशाळेतील रीत

आपल्या अल्कधर्मी जमिनींसाठी ओल्सेन यांची १९५४ सालची पद्धत रूढ आहे. अडीच ग्रॅम माती, सामू ८.५ असलेले अर्ध्या मोलर सामर्थ्याचे सोडियम बायकार्बोनेटचे पन्नास मिलिलिटर द्रावण, थोडा स्फुरदविरहित कोळसा, अर्धा तास हलविणे, गाळणे. मग गाळलेल्या द्रावणाचा सामू आम्लाने उतरवून त्यात अमोनियम मॉलिब्डेट व अॅस्कॉर्बिक आम्ल यांच्या योगाने निळा रंग आणणे आणि ८८२ नॅनोमीटर तरंगलांबीवर त्याची गडदता मोजणे, असा तिचा संक्षेप आहे. बायकार्बोनेट कॅल्शियमला बांधून घेते आणि त्यामुळे चुन्याशी सैलपणे जोडलेला स्फुरद द्रावणात येतो, हे या पद्धतीमागील तत्त्व होय. कोकण-गोव्याकडील आम्लधर्मी जांभ्या जमिनीत स्फुरदाला बांधून ठेवणारे चुना नसून लोह व अॅल्युमिनियम असतात. तेथे ब्रे व कर्ट्‌झ यांची १९४५ सालची आम्लयुक्त फ्लोराइडची पद्धत वापरतात. या दोन पद्धतींच्या आकड्यांची परस्परांशी तुलना करू नये. रत्नागिरीच्या भाच्याने पाठविलेला दाखला आणि सांवेरच्या शेताचा दाखला शेजारी ठेवून कोणाची जमीन श्रीमंत हे ठरविणे निरर्थक आहे.

महाविद्यालयातील प्रयोगशाळेत स्वतः हे परीक्षण करणाऱ्या विद्यार्थ्यांनी चार गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. पहिली, उष्णता: तापमान वाढले की बायकार्बोनेट अधिक स्फुरद काढते, त्यामुळे इंदूरच्या पौषातील सकाळी आणि वैशाखातील दुपारी एकाच मातीचे आकडे वेगळे येतात, सर्व नमुने २५ अंश सेल्सिअसच्या आसपासच हलवावेत. दुसरी, द्रावणाचे वय: बायकार्बोनेटचे द्रावण उघडे राहिले की त्याचा सामू चढतो, म्हणून प्रत्येक वेळी तो तपासून घ्यावा. तिसरी, काचपात्रांची स्वच्छता: धुण्याच्या काही चूर्णांत फॉस्फेट असते, यास्तव पात्रे सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने व नंतर ऊर्ध्वपातित पाण्याने विसळावीत. चौथी, कोरी चाचणी: माती न घालता, बाकी सर्व द्रव्ये घालून एक नमुना प्रत्येक तुकडीबरोबर चालवावा, कोळशात किंवा रसायनांत दडलेला स्फुरद तेथेच पकडला जातो. प्रमाण द्रावणासाठी वाळविलेले पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.४३९ ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळविले म्हणजे दर लिटरला शंभर मिलिग्रॅम स्फुरदाचे द्रावण मिळते.

जे नमुने शासकीय प्रयोगशाळेत पाठवितात त्यांच्यासाठी याहून सोपी खातरजमा आहे. एकच माती नीट कालवून दोन पिशव्यांत भरावी, दोहोंवर निरनिराळी नावे लिहावीत, आणि इतर नमुन्यांबरोबर पाठवून द्यावी. दोन्ही दाखल्यांत जेवढे अंतर येईल तेवढी त्या मोजणीची स्वाभाविक अनिश्चितता समजावी. हे अंतर हेक्टरी पाच किलोग्रॅम निघाले, तर गतवर्षीपेक्षा यंदाचा आकडा तीन किलोग्रॅमने वाढला म्हणून आनंद मानण्याचे किंवा घटला म्हणून जादा पोते आणण्याचे कारण उरत नाही.

एकके हा तिसरा घोटाळ्याचा विषय. प्रयोगशाळेतील दर किलोग्रॅमला मिलिग्रॅम या आकड्याला रूढ संकेताप्रमाणे २.२४ ने गुणले की हेक्टरी किलोग्रॅम मिळतात. खताच्या पोत्यावर मात्र स्फुरद मूलद्रव्याच्या रूपात न सांगता पेंटॉक्साइडच्या रूपात सांगतात. मूलद्रव्याच्या आकड्याला २.२९ ने गुणले म्हणजे पेंटॉक्साइड, आणि पेंटॉक्साइडला ०.४४ ने गुणले म्हणजे मूलद्रव्य. हेक्टरी दहा किलोग्रॅमपेक्षा कमी मूलद्रव्य म्हणजे निम्न, दहा ते पंचवीस मध्यम आणि त्यापुढे उच्च, अशी आपल्याकडील वर्गवारी आहे. दाखल्यावरील आकडा कोणत्या रूपातला आहे हे न पाहता ती लावली, तर अठरा किलोग्रॅम पेंटॉक्साइडची, म्हणजे वस्तुतः आठ किलोग्रॅम स्फुरदाची, दरिद्री जमीन मध्यम वर्गात जाऊन बसते.

सहा डब्यांचा प्रयोग

आपली माती स्फुरदाला किती वेगाने बांधते हे पाहण्यासाठी घरच्या ओसरीवर करता येण्याजोगा एक प्रयोग सांगतो. सावलीत वाळवून बारीक चाळणीने चाळलेली एकेक किलो माती सहा प्लास्टिकच्या डब्यांत भरावी. डीएपीचे दाणे कुटून त्यांतील एक ग्रॅम सराफी काट्यावर तोलून एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवावे. डीएपीत ४६ टक्के पेंटॉक्साइड, म्हणजे सुमारे २० टक्के मूलद्रव्य असल्याने या पाण्याच्या शंभर मिलिलिटरमध्ये सुमारे वीस मिलिग्रॅम स्फुरद येतो. तीन डब्यांत हे शंभर मिलिलिटर द्रावण आणि उरलेल्या तीनांत तेवढेच साधे पाणी घालून माती उलथीपालथी करून एकजीव करावी. नंतर सर्वांत सारखे पाणी घालून माती वाफशाला आणावी, डब्यांना सैल झाकणे लावून ते सावलीत ठेवावेत, आणि दर तीन-चार दिवसांनी वजन करून उडालेले पाणी भरून काढावे. पहिल्या, सातव्या, तिसाव्या आणि साठाव्या दिवशी प्रत्येक डब्यातून मूठभर माती काढून, वाळवून, नाव-तारीख घालून ठेवावी आणि अखेर सर्व नमुने एकदमच ओल्सेन पद्धतीने तपासून घ्यावेत.

गणित सरळ आहे. खताच्या डब्याच्या आकड्यातून साध्या डब्याचा आकडा वजा करावा आणि उरलेल्यास वीसने भागावे. समजा, साधी माती सहा मिलिग्रॅम दाखविते. खताची माती पहिल्या दिवशी वीस आणि साठाव्या दिवशी बारा दाखविते. तर प्रथम घातलेल्यापैकी सत्तर टक्के आणि दोन महिन्यांनी तीस टक्के स्फुरद ‘उपलब्ध’ रूपात उरला असा अर्थ होतो. साध्या डब्याचे आकडेही साठ दिवसांत थोडे बदलतात, म्हणूनच प्रत्येक दिवसाची वजाबाकी त्या दिवसाच्या साध्या डब्याशीच करावयाची असते. हाच प्रयोग चांगल्या कुजलेल्या शेणखताची ओंजळ घालून समांतर चालविला, तर सेंद्रिय द्रव्याने बांधले जाण्याचा वेग किती मंदावतो हेही कळून येते.

या शेवटच्या प्रश्नाला इंदुरात ऐतिहासिक पार्श्वभूमी आहे. १९२४ साली येथे स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीमध्ये अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातील काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांपासून कंपोस्ट करण्याची पद्धत सिद्ध केली, जी जगभर इंदूर पद्धती या नावाने ओळखली जाते. त्या दोघांचा तद्विषयक ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. हॉवर्ड यांचा पोत्यातील खतांवर पुढे रोष झाला, आणि तो सर्वस्वी मान्य करण्याचे कारण नाही. कारण कंपोस्टमध्ये स्फुरद तेवढाच येतो जेवढा त्या शेताने काड्यांना आणि चाऱ्याला दिला होता, आणि बाजारात विकलेल्या धान्याबरोबर गेलेला तो परत आणू शकत नाही. तथापि सेंद्रिय द्रव्य आणि सुपर फॉस्फेट परस्परांचे साहाय्यक आहेत की नाहीत, हे सहा डब्यांच्या मोजणीने ज्याचे त्याने ठरवावे.

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना याहून सूक्ष्म मोजणीचा मार्ग मोकळा आहे. कॅल्शियम क्लोराइडच्या अतिसौम्य द्रावणात स्फुरदाच्या चढत्या मात्रा करून प्रत्येकीत थोडी माती सहा दिवस ठेवावी, दिवसातून दोनदा हलवावी, आणि द्रावणात किती उरला ते मोजावे. घातलेल्यातून उरलेला वजा केला की मातीने धरलेला मिळतो. धरलेला आणि उरलेला यांचा आलेख काढला म्हणजे द्रावणात दर लिटरला ०.२ मिलिग्रॅम स्फुरद राखण्यासाठी त्या मातीला किती खत पाजावे लागते हे वाचता येते. फॉक्स आणि कॅम्प्राथ यांनी १९७० साली मांडलेली ही रीत आहे. खतातील स्फुरद आणि जमिनीतील मूळचा स्फुरद यांची निखालस वेगवेगळी ओळख मात्र किरणोत्सारी स्फुरद-३२ मुळेच पटते. त्याचे अर्धायुष्य १४.३ दिवसांचे असल्याने दोन महिन्यांत त्याचा सोळावा हिस्साच उरतो, त्यामुळे एका हंगामाच्या आरंभीच्या वाढीपुरता तो सोयीचा असतो. पण त्यासाठी परवाना आणि संरक्षित प्रयोगशाळा लागते, तेव्हा ते काम संशोधन-संस्थांवर सोपवावे हे उचित.

शेतातील पट्टे

डब्यात मुळे नसतात. म्हणून अखेरचा निर्णय शेताचाच. शेताच्या एकसारख्या भागात पेरणी-यंत्राच्या दोन-तीन फेऱ्यांच्या रुंदीचे तीन पट्टे आखावेत: एकात स्फुरद शून्य, दुसऱ्यात शिफारशीच्या निम्मा, तिसऱ्यात पूर्ण, आणि शक्य असेल तर हाच संच शेतात आणखी दोन ठिकाणी, पट्ट्यांचा क्रम बदलून, मांडावा. मध्य भारतातील सोयाबीनसाठी हेक्टरी २५ किलोग्रॅम नत्र, ६० किलोग्रॅम स्फुरद (पेंटॉक्साइड), ४० किलोग्रॅम पालाश आणि २० किलोग्रॅम गंधक अशी शिफारस आहे. यातील स्फुरद सुमारे ३७५ किलोग्रॅम सुपर फॉस्फेटने किंवा १३० किलोग्रॅम डीएपीने भागतो.

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. सुपर फॉस्फेटमध्ये सुमारे अकरा टक्के गंधक असते, डीएपीत ते नसते पण अठरा टक्के नत्र असते. आणि सोयाबीनसारखे तेलबी गंधकाला चटकन दाद देते. शून्य पट्ट्यात काहीच न टाकता पूर्ण पट्ट्यात सुपर फॉस्फेट टाकले आणि उत्पन्न वाढले, तर ती वाढ स्फुरदाची की गंधकाची हे कोणीही सांगू शकणार नाही. म्हणून शून्य आणि निम्म्या पट्ट्यांतही जिप्समने गंधक आणि युरियाने नत्र सारखे करून घ्यावे, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांत फरक फक्त स्फुरदाचा राहील. कापणीच्या वेळी प्रत्येक पट्ट्याच्या मधल्या ओळी वेगळ्या कापून, वेगळ्या मळून, दाणे तोलावेत, आणि डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नये. स्फुरदाची उणीव असलेले पीक पुष्कळदा केवळ ठेंगणे व गडद हिरवे दिसते आणि प्रेक्षकाला ते निकोपच वाटते.

गव्हाच्या वेळी पट्टे त्याच जागी ठेवावेत, कारण मागील स्फुरदाचा शेष पुढील पिकाला किती लाभतो हे तेथेच कळावयाचे असते. स्फुरद विरघळविणाऱ्या जिवाणूंचे संवर्धक वापरणाऱ्यांनीही त्याची किंमत अशाच एका जादा पट्ट्यात अजमावावी.

वार्षिक ताळेबंद

वर्षअखेर पट्ट्यांच्या तोलाबरोबर जमिनीचा ताळेबंद मांडावा. सोयाबीन आणि ओलिताचा गहू या दोघांनाही साठ-साठ किलोग्रॅम पेंटॉक्साइड दिले तर जमेच्या बाजूला सुमारे ५२ किलोग्रॅम मूलद्रव्य पडते. वीस क्विंटल सोयाबीनच्या दाण्यांतून अकरा-बारा आणि चाळीस क्विंटल गव्हाच्या दाण्यांतून चौदाच्या आसपास, मिळून सुमारे पंचवीस-सव्वीस किलोग्रॅम शेताबाहेर जातो; भुसा विकला तर थोडा अधिक. म्हणजे दरसाल जवळजवळ तेवढाच स्फुरद जमिनीच्या खाती शिल्लक पडतो. आता शिल्लक रक्कम आणि ओल्सेनचा आकडा यांची चढ-उतार शेजारी ठेवून पाहावी. शिल्लक वाढत असता आकडाही वाढत असेल, तर जमीन ठेव राखून आहे. शिल्लक वाढूनही आकडा जागचा हलत नसेल, तर चुना ती गिळत आहे, आणि त्या जमिनीत खत विस्कटून टाकण्याऐवजी बियाण्याच्या खाली-बाजूला ओळीत देणे आणि शेणखताची जोड देणे अगत्याचे आहे.

ताळेबंदात आणखी एक कलम धरावे लागते, ते वाहून गेलेल्या मातीचे. स्फुरद पाण्यात खोल जात नसला तरी मातीच्या कणांना चिकटून तो उताराने निघून जातो, आणि पेरणीपूर्वी पृष्ठभागावर फेकलेले खत आर्द्रेच्या पहिल्या मोठ्या सरीबरोबर नाल्याला लागते. इंदूरला पाणी पुरविणाऱ्या, आणि २०२२ साली रामसर स्थळांच्या यादीत आलेल्या, यशवंत सागराच्या पाणलोट क्षेत्रात शेती आहे. शेतातून सुटलेला स्फुरद जलाशयात शेवाळाला खाद्य पुरवितो. ज्यांच्या शेताला उतार आहे त्यांनी बांधाशी साचलेल्या गाळाचा एक नमुना अवश्य तपासावा. शेतातील मातीपेक्षा त्याचा आकडा चढा निघाला, तर खर्चाचे ते कलम पिकाच्या खात्यात घालण्याची चूक टळेल.

निर्णय कसा करावा

एका वर्षाच्या आकड्यावर मात्रा बदलू नये, कारण पाऊस कमी-अधिक झाला की पट्ट्यांतील फरकही कमी-अधिक होतो. निदान तीन खरीप आणि तीन रब्बी पाहावेत. त्या काळात शून्य आणि पूर्ण पट्ट्यांच्या उत्पन्नात मोजणीच्या अनिश्चिततेपलीकडे फरक दिसला नाही आणि ओल्सेनचा आकडा उच्च वर्गात असला, तर दोनांपैकी एकाच पिकाला स्फुरद द्यावा, किंवा दोघांना निम्मा द्यावा, आणि वाचलेल्या पैशातून जस्ताची तपासणी करून घ्यावी, कारण स्फुरदाचा अतिरेक झाला की पिकाला जस्त मिळण्यात अडथळा येतो. निम्मा आणि पूर्ण हे पट्टे सारखे, पण शून्य पट्टा मागे, असे दिसले तर निम्मी मात्रा ओळीत द्यावी. तिन्ही पट्टे पायऱ्यांप्रमाणे चढत असतील आणि दाखल्यावरील आकडा निम्न असेल, तर शिफारशीची पूर्ण मात्रा हा खर्च नसून भांडवल आहे असे समजून ती निर्धास्तपणे द्यावी.

कोणताही निर्णय झाला तरी शून्य पट्टा मोडू नये. त्याच्या चार कोपऱ्यांना दगड रोवून, बांधापासूनची अंतरे मोजून, त्याचा नकाशा खसरा-खतौनीच्या नकलेबरोबर दप्तरात ठेवावा, आणि दरवर्षीचे नमुने, तोल व पावसाच्या तारखा त्याच कागदावर नोंदवीत जाव्यात. ज्या वर्षी शेजारच्या पिकाच्या मानाने तो पट्टा उघडपणे मागे पडू लागेल, त्या वर्षी जमिनीतील साठा सरत आला असे समजून कमी केलेली मात्रा पुन्हा वाढवावी.